कोस, मैल आणि पडद्यावरचा रस्ता

रस्ता दोन ठिकाणीं असतो; एक जमिनीवर आणि दुसरा माणसाच्या ध्यानांत. जमिनीवरचा रस्ता पायांनीं, चाकांनीं आणि पावसापाण्यानें झिजतो. ध्यानांतला रस्ता कोणीतरी मोजून, रेखून, टिपून ठेवावा लागतो. तसें न केल्यास तो पिढीबरोबर नाहींसा होतो. या दुसऱ्या रस्त्याचा इतिहास मोठा मनोरंजक आहे, आणि त्याचें अगदीं अलीकडचें प्रकरण तर इतकें चमत्कारिक आहे कीं, मागल्या पिढीच्या मनुष्यास तें सांगितलें असतें तर त्यानें तें कादंबरींत घालावयास सुचविलें असतें. आज शहरांतील कित्येक घरांत तरुण मंडळी संगणकाच्या पडद्यासमोर बसून मालमोटारी हांकतात. प्राग शहरांतील एस. सी. एस. सॉफ्टवेअर या कंपनीनें २०१२ सालीं ‘यूरो ट्रक सिम्युलेटर २’ आणि २०१६ सालीं ‘अमेरिकन ट्रक सिम्युलेटर’ असे दोन खेळ प्रसिद्ध केले. त्यांत शत्रूस मारावयाचें नसतें, धांवण्याची शर्यतहि नसते. एका शहरीं माल भरावयाचा, नियम पाळून तो दुसऱ्या शहरीं पोंचवावयाचा, थकवा आला म्हणजे गाडी बाजूस लावून झोंप घ्यावयाची, एवढाच त्यांतला पुरुषार्थ.

या खेळांची खुबी अशी कीं, त्यांतील रस्ते मनःकल्पित नसतात. जर्मनीचे महामार्ग, नेव्हाडाचें वाळवंट, कॅलिफोर्नियाचा किनारा हीं सर्व खऱ्या मुलखावरून उतरलेलीं असतात, व ज्यानें तो मुलूख पाहिला आहे त्याला तीं ओळखूं येतात. खरा प्रदेश इतका लहान करून दाखवावयाचा आणि तरीहि तो ओळखूं यावा, ही विद्या कोणती, ती कोठून आली, आणि तिच्यांत काय राहतें व काय जातें, हें पाहण्यासाठीं पुणें जिल्ह्यांतील शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांसारखा दुसरा सोयीचा मुलूख क्वचित् सांपडेल. फौजेचा रस्ता, वारीचा रस्ता, आगगाडीचा रस्ता आणि मालमोटारीचा रस्ता हे चारहि येथें एकमेकांस छेदून जातात.

नकाशा येण्यापूर्वीं महाराष्ट्रांत रस्ता कोसांनीं मोजीत आणि मुक्कामांनीं ध्यानांत ठेवीत. कोस म्हणजे ढोबळ मानानें दोन मैल; परंतु हा कोस प्रांतोप्रांतीं कमीअधिक असे, आणि घांटाच्या चढणीवरचा कोस सपाटीवरच्या कोसाहून वाटसरूस लांब वाटे यांत नवल नाहीं. म्हणून खरें माप मजलेचें. ‘मजल दरमजल’ हा शब्दप्रयोग भाषेंत रुजला तो त्यामुळेंच. या पद्धतीचा जिवंत नमुना दौंड तालुक्यांत आजहि दरवर्षीं पाहावयास मिळतो. तुकोबांचे पुत्र नारायणमहाराज यांनीं १६८५ सालीं देहूहून पंढरपुरास पालखी नेण्याची प्रथा सुरू केली असें परंपरा सांगते. ती पालखी पुणें सोडून लोणी काळभोर, यवत, वरवंड, उंडवडी अशी मुक्कामामागून मुक्काम करीत पुढें जाते. वारकऱ्यास वाट विचारली तर तो मैल सांगत नाहीं, मुक्काम सांगतो. दोन मुक्कामांच्या मधलीं शेतें, ओढे, माळ हीं सर्व त्याच्या सांगण्यांत गळून जातात, आणि जेथें माणूस थांबतो, जेवतो, कीर्तन ऐकतो तेवढीं ठिकाणेंच उरतात. हा कागद नसलेला नकाशाच होय. आणि काय गाळावें याचा निर्णय त्यांत प्रथमपासूनच केलेला आहे.

यूरोपांतहि असेंच घडलें. रोमन साम्राज्याचे रस्ते दाखविणारा एक लांबलचक पट व्हिएन्ना येथें जतन केलेला आहे. त्याला प्यूटिंगरचा पट म्हणतात. आज उपलब्ध असलेली प्रत मध्ययुगांत केलेली नक्कल आहे. तो पट लांबीला जवळजवळ सात मीटर, पण रुंदीला जेमतेम एक हात आहे. इतक्या अरुंद पट्टीवर स्पेनच्या बाजूपासून थेट हिंदुस्थानापर्यंतचें जग बसवावयाचें म्हणून चित्रकारानें समुद्र चिरडून ओढ्यासारखे केले आणि देश ताणून लांब केले. मात्र कोणत्या ठिकाणापासून कोणतें ठिकाण किती अंतरावर, याचे आंकडे त्यानें रस्त्यावर लिहून ठेवले. आकार बिघडला, पण प्रवाशाच्या उपयोगाचें तेवढें टिकलें. पुढें १६७५ सालीं लंडनमध्यें जॉन ओगिल्बी यानें ‘ब्रिटानिया’ नांवाचा ग्रंथ छापला. त्यांत रस्त्यांचीं १०० चित्रें आहेत. मोजणीचें चाक रस्त्यानें ढकलीत नेऊन, फेरे मोजून, एका मैलास एक इंच या प्रमाणानें तीं काढलेलीं आहेत. प्रत्येक रस्ता कापडाच्या फितीसारखा गुंडाळलेला दाखविला असून दिशा बदलली कीं, त्या पट्टीवर होकायंत्राचें चिन्ह निराळ्या बाजूस वळविलेलें असतें. फितीच्या बाहेरचा देश ओगिल्बीनें सरळ सोडून दिला. प्रवासी रस्ता सोडून जाणार नाहीं, मग त्याला बाजूचा मुलूख दाखवावा कशाला, हा त्याचा हिशेब होता. मालमोटारीच्या खेळाचा हिशेब याहून फारसा निराळा नाहीं.

हिंदुस्थानांत ही विद्या फौजेच्या मागोमाग आली. मेजर जेम्स रेनेल हा १७६७ सालीं बंगालचा मोजणीप्रमुख झाला. भारतीय सर्वेक्षण खातें आपला जन्म याच सालापासून मोजतें. रेनेलनें १७७८ सालीं बंगाल व बिहार येथील रस्त्यांचें वर्णन स्वतंत्र पुस्तकरूपानें दिलें. हिंदुस्थानचा नकाशा काढतांना त्यालाहि कोसाचा प्रश्न सोडवावा लागला, कारण देशी लोकांनीं सांगितलेलें अंतर वळणावळणाच्या वाटेचें असे आणि नकाशाला सरळ रेघ हवी असे. १८०२ सालीं विल्यम लॅम्बटन यानें मद्रासजवळ सेंट थॉमस टेकडीच्या पायथ्याशीं सुमारें साडेसात मैलांची रेघ सांखळीनें मोजली व तिच्यावर त्रिकोणामागून त्रिकोण रचीत देश मोजण्यास आरंभ केला. त्रिकोणांच्या या कामानें जागा निश्चित होत. परंतु चालणाऱ्या फौजेला त्याहून निराळी माहिती हवी असे. तोफा कोठून जातील, पाणी कोठें मिळेल, नदीला उतार आहे कीं नाव लागेल, हे तिचे प्रश्न. ही गरज भागविण्यासाठीं कॅप्टन जॉन क्लून्स यानें १८२६ सालीं पश्चिम हिंदुस्थानांतील मार्गांची एक मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. पेशवाई बुडून तेव्हां अवघीं आठ वर्षें झालीं होतीं. ज्या वाटा कालपर्यंत जासुदांच्या आणि लमाणांच्या तोंडीं होत्या, त्या आतां छापील पानावर मैलांत उतरल्या.

या कागदी कामाच्या बरोबर मध्यभागीं शिरूर उभें आहे. घोडनदीच्या कांठीं वसल्यामुळें लोक त्याला घोडनदी असेंच म्हणतात. या नदीच्या कांठची वस्ती फार जुनी. शिरूर तालुक्यांतील इनामगांव येथें डेक्कन कॉलेजनें १९६८ पासून १९८३ पर्यंत उत्खनन करून सुमारें साडेतीन हजार वर्षांपूर्वींच्या शेतकऱ्यांचें गांव उजेडांत आणलें. परंतु शिरूरला नकाशावर मान मिळाला तो छावणीमुळें. १८०२ च्या अखेरीस वसईचा तह झाला व त्यानंतर इंग्रजांच्या तैनाती फौजेचा तळ येथें पडला. पुणें आणि अहमदनगर या दोन महत्त्वाच्या ठिकाणांच्या मधोमध, नदीच्या पाण्याजवळ, अशी ही जागा फौजेला सोयीची होती. त्या छावणीचा एक अधिकारी कर्नल विल्यम वॉलेस हा १८०९ मध्यें वारला. त्याच्या कबरीला आसपासचे लोक ‘सत्पुरुषा’चें स्थान मानूं लागले व तेथें नवस होऊं लागले. परक्या फौजेचा सेनानी गांवच्या दैवतांत जाऊन बसावा, ही गोष्ट कोणत्याहि फौजी नकाशांत सांपडावयाची नाहीं. पण शिरूर म्हणजे काय हें समजण्यास ती फार उपयोगाची आहे.

याच छावणींतून ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्रीं साडेआठच्या सुमारास कॅप्टन स्टॉन्टन याची तुकडी पुण्याकडे निघाली. सुमारें ५०० शिपाई, अडीचशेंच्या वर घोडेस्वार आणि दोन तोफा असा तिचा सरंजाम होता. रात्रभर चालून, सुमारें २५ मैल तोडून, सकाळीं दहाच्या सुमारास ती कोरेगांवापाशीं पोंचली, तों समोर भीमेच्या पलीकडे दुसऱ्या बाजीरावाचें सैन्य दिसलें. त्या दिवशींच्या लढाईंत कंपनीच्या पलटणींतील महार शिपायांनीं जें शौर्य गाजविलें त्याचें स्मारक भीमेच्या पुलाजवळ, रस्त्याच्या लगत उभें आहे. १ जानेवारी १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या स्तंभापाशीं आले, आणि आज दरवर्षीं त्या दिवशीं तेथें लाखांनीं लोक जमतात. शिरूर ते कोरेगांव हें अंतर मालमोटारीला आतां तासाभराचें आहे. त्या रात्रीं तें तेरा-साडेतेरा तासांचें होतें. रस्ता तोच, मैल तेवढेच, परंतु त्याचें खरें माप चालणाऱ्याच्या पायांत होतें.

पुढें आगगाडी आली आणि नकाशाचा तोलच बदलला. १८५८ च्या डिसेंबरांत पुण्याहून दिकसाळपर्यंत ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीची गाडी सुरू झाली. ती दौंडावरून गेली. १८७८ सालीं दौंडापासून अहमदनगरवरून मनमाडपर्यंतचा फांटा खुला झाला, तेव्हां भीमेच्या कांठचें हें गांव दोन मोठ्या मार्गांचें जंक्शन बनलें. शिरूरला रूळ आले नाहींत. रेल्वेच्या नकाशावर दौंड ठळक अक्षरांत आणि शिरूरच्या जागीं कोरा कागद, अशी स्थिति झाली. इंग्रजी अमदानींत गोऱ्यांच्या लेखणीनें दौंडाचें नांव ‘धोंड’ असें लिहिलें, व जुन्या इंग्रजी नकाशांत तें तसेंच वाचावयास मिळतें. म्हणजे प्रत्येक नकाशा एका विशिष्ट प्रवाशासाठीं काढलेला असतो. फौजेच्या नकाशांत शिरूर मोठें, रेल्वेच्या नकाशांत दौंड मोठें, वारीच्या नकाशांत यवत आणि वरवंड मोठें. कोणताहि नकाशा खोटा नाहीं. प्रत्येकाचा वाटसरू तेवढा निराळा.

आतां मालमोटारीच्या खेळाकडे वळल्यास ही परंपरा किती उपयोगी पडते तें दिसून येईल. यूरोपच्या खेळांत मुलूख साधारणपणें १९ पटींनीं लहान केलेला आहे. अमेरिकेचा खेळ प्रथम ३५ पटींनीं लहान होता. तो फार आंखूड वाटूं लागल्यामुळें २० पटींवर आणण्यांत आला. घड्याळहि त्याच बेतानें जलद चालतें, त्यामुळें प्रवासास लागणारे तास खेळांतल्या घड्याळांत खऱ्याइतकेच भरतात. याच्या उलट टोंकाचाहि एक प्रयोग झालेला आहे. १९९५ च्या सुमारास अमेरिकेंत ‘डेझर्ट बस’ नांवाचा एक विनोदी खेळ तयार करण्यांत आला. त्यांत टूसॉनपासून लास व्हेगासपर्यंतचा रस्ता अजिबात लहान न करतां, खऱ्या आठ तासांत, वळण नाहीं कीं सोबती नाहीं अशा वाळवंटांतून बस न्यावी लागते, आणि पोंचल्यावर एक गुण मिळतो. मूळ लांबीचा रस्ता खेळांत कां आणीत नाहींत, याचें उत्तर त्या एका गुणांत आहे.

परंतु लहान करणें हें वाटतें तितकें सोपें नाहीं. रस्ता १९ पटींनीं लहान करतां येतो, मालमोटार करतां येत नाहीं. ती मूळ मापाचीच ठेवावी लागते. दहा मीटर रुंदीचा रस्ता त्याच प्रमाणांत आंवळला तर तो अर्धा मीटर उरेल व त्यावरून सायकलहि जाणार नाहीं. लांब मालमोटारीला वळावयास साडेबारा मीटर त्रिज्येचें वर्तुळ लागतें. तेंहि आंवळतां येत नाहीं. म्हणून रुंदी, वळणें, पूल, चौक हीं मूळ मापानें ठेवून लांबी तेवढी कापली जाते. कागदी नकाशानेंहि हेंच केलेलें आहे. इंचास मैल या प्रमाणांत सात मीटर रुंदीचा रस्ता मिलिमीटरच्या नवव्या हिश्श्याएवढा होतो. तो डोळ्यास दिसावा म्हणून नकाशाकार रेघ मुद्दाम जाड काढतो. खेळ तयार करणारे कारागीर उपग्रहांनीं घेतलेलीं छायाचित्रें व रस्त्यावरून टिपलेलीं दृश्यें समोर ठेवतात, आणि तुकड्यास तुकडा जोडीत रस्ता हातानें रचतात. मधले सरळ, एकसारखे तुकडे ते काढून टाकतात. ज्या ठिकाणीं हांकणारा वेग कमी करील, आरसा पाहील, चाक वळवील, तें ठिकाण ते राखतात.

हा नियम पुणें-शिरूर रस्त्याला लावून पाहावा. या दोन खेळांच्या मूळ नकाशांत भारत नाहीं. परंतु हौशी मंडळींनीं अशा खेळांसाठीं भारतीय रस्ते स्वतः रचण्याचे प्रयत्न केलेले आहेत, आणि त्यांच्यापुढें हाच हिशेब येतो. पुणें ते शिरूर अंतर सुमारें ६७ किलोमीटर. तें १९ पटींनीं आंवळलें कीं उरतात साडेतीन किलोमीटर. तासाला ६० किलोमीटरच्या गतीनें साडेतीन मिनिटांचा मार्ग. एवढ्या लांबींत वाघोली, लोणीकंद, कोरेगांव भीमा, सणसवाडी, शिक्रापूर, रांजणगांव गणपती आणि शिरूर हीं सात ठिकाणें बसवावयाचीं आहेत. एकेका चौकास मूळ मापानें २०० मीटर दिले, तर सातांसाठीं १४०० मीटर खर्चीं पडतात. भीमेच्या पुलास आणखी २०० मीटर द्यावेच लागतात. म्हणजे निम्म्याच्या जवळपास रस्ता थांबण्याच्या आणि वळण्याच्या जागांनींच भरून जातो. शेतें, माळ व क्षितिज यांच्या वांट्यास उरलेला निम्मा येतो.

येथें मराठी मुलखाची एक गंमत ध्यानांत येते. आपल्याकडे मोठ्या रस्त्यावर बहुधा गांव नसतें, गांवाचा फाटा असतो. गांव आंत मैल दीड मैलावर, आणि त्याचें नांव मात्र रस्त्यावर उभें. पेरणे फाटा, चाकणकडे जाणारा शिक्रापूरचा फाटा, हींच हांकणाऱ्याचीं खरीं ठिकाणें. त्यांच्या आधारानेंच तो वाट सांगतो, तेथेंच चहा पितो, तेथेंच उतारूंची वाट पाहतो. खेळाच्या गणितांत जो आंवळतां येत नाहीं तो चौक आणि मराठी वाटसरूच्या स्मृतींत जो गळत नाहीं तो फाटा, हीं दोन्ही एकच ठरतात. वारकऱ्याच्या मुक्कामांत, ओगिल्बीच्या फितींत आणि प्रागच्या कारागिराच्या चौकांत असें एक सूत्र सांपडतें. रस्ता लक्षांत राहतो तो जेथें माणसाला कांहीं निर्णय घ्यावा लागतो तेथें.

मात्र सर्वच गोष्टी गणितानें ठरत नाहींत. कोरेगांवचा स्तंभ पडद्यावर दिसावा कीं नाहीं? तो वळण नव्हे, चौकहि नव्हे. मालमोटारीला त्याच्यासाठीं गति कमी करण्याचें कारण नाहीं. जागेच्या हिशेबानें तो सहज गाळतां येईल. परंतु तो गाळलेला रस्ता पाहून हजारों माणसें म्हणतील कीं, हा आमचा रस्ता नव्हे. रांजणगांवच्या महागणपतीची कमान, शिरूरची सत्पुरुषाची कबर यांचीहि तीच गोष्ट. उसाच्या हंगामांत शिरूरहून न्हावऱ्यावरून पारगांवाजवळ भीमा ओलांडून चौफुल्यास उतरणाऱ्या रस्त्यावर बैलगाड्यांची रांग लागते आणि तिच्या मागें मालमोटारी मुकाट्यानें मुंगीच्या पावलानें सरकतात. यूरोपच्या महामार्गांसाठीं रचलेल्या खेळांत बैलगाडीला जागाच केलेली नसते. ती न आणतां केलेला दौंड तालुका मापानें बरोबर असला, तरी कार्तिक-मार्गशीर्षांत त्या वाटेनें गेलेल्या मनुष्यास तो ओळखूं यावयाचा नाहीं.

नांवांचाहि प्रश्न आहे. शिरूर नांवाचीं गांवें महाराष्ट्रांत अनेक. बीड जिल्ह्यांत शिरूर कासार आहे, लातूर जिल्ह्यांत शिरूर अनंतपाळ आहे. एकट्या शिरूर तालुक्यांत रांजणगांवें दोन. एक गणपतीचें आणि दुसरें सांडसाचें. अहमदनगर जिल्ह्याचें नांव २०२४ मध्यें अहिल्यानगर झालें, पण पुण्याचे लोक अजून ‘नगर रस्ता’च म्हणतात. पडद्यावरच्या पाटीवर कोणतें नांव लिहावें, हा निर्णय घेतल्यावांचून पाटीच उभी राहत नाहीं. १८८५ सालीं पुणें जिल्ह्याचें गॅझेटिअर तयार करणाऱ्यांनींहि रस्ते, नावा, धर्मशाळा यांची नोंद करतांना हाच निर्णय पानोपानीं घेतला, आणि आज इतिहासाचे अभ्यासक त्यांच्या त्या निर्णयांवरच विसंबून आहेत.

या गोष्टीचें महत्त्व खेळापुरतें नाहीं. जमिनीवरचा रस्ता झपाट्यानें बदलतो आहे. तो रुंद होतो, वळणें सरळ होतात, वडाचीं झाडें जातात, जुन्या पुलाशेजारीं नवा पूल येतो आणि फाट्यावर उड्डाणपूल उभा राहिला कीं फाट्याचें नांव हळूहळू तोंडांतून जातें. इंग्लंडमधले कित्येक जुने मार्ग आज ओगिल्बीच्या फितींवरूनच ओळखतां येतात. त्यानें ते संशोधकांसाठीं काढले नव्हते, वाटसरूंसाठीं काढले होते. पन्नास वर्षांनीं कोणी पुणें-शिरूर रस्ता २१ व्या शतकाच्या आरंभीं कसा होता असें विचारील, तेव्हां सरकारी नकाशाबरोबरच कोणा हौशी तरुणानें रात्री जागून रचलेली पडद्यावरची प्रतिकृतिहि त्याच्यापुढें साक्षीला येईल. त्या तरुणाला आपण इतिहास लिहीत आहों याची जाणीव नसेल. तथापि साडेतीन किलोमीटरांत काय ठेवावें आणि काय गाळावें, हें ठरवितांना त्यानें जी निवड केली असेल, तीच त्या रस्त्याची पुढच्या पिढीला मिळालेली ओळख ठरेल. म्हणून ही निवड करतांना त्यानें उपग्रहाच्या छायाचित्राइतकाच त्या वाटेनें चाललेल्या माणसांचा सल्ला घ्यावा, हें बरें.